गल्लीला दिसू नये म्हणून

माझ्या दुकानात चार कॉम्प्युटर आहेत. तीन समोरच्या टेबलावर आणि चौथा आत, झेरॉक्स मशीनच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. त्याच्यापुढे दोरी बांधून मी माझीच एक जुनी साडी सोडलीय. बाजाराच्या दिवशी बाया येतात, भाजीची थैली पायाशी ठेवतात आणि हळूच विचारतात, ताई, आतला मोकळा हाय का. मोकळा असला तर मी मान हलवते. नसला तर त्या बाकड्यावर बसून राहतात आणि कोण कशासाठी आलीय हे एकमेकींना विचारत नाहीत. हा नियम मी घातलेला नाही, त्यांचा त्यांनीच पाडलाय.

हा चौथा कॉम्प्युटर मला असा आडोशाला का न्यावा लागला ते आधी सांगते. त्यात माझीच चूक आहे आणि ती मी लपवणार नाही.

तिसगावात आमची गल्ली बाजारतळाला लागून आहे. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, शेजारी चहाचं हॉटेल, पलीकडे सलून आणि वरच्या मजल्यावर एका मुकादमाची खोली. मुकादम म्हणजे ऊसतोडीला टोळ्या नेणारा माणूस. दिवाळीच्या आसपास आमच्या भागातली कितीतरी घरं कुलूप लावून कारखान्यांकडे जातात, त्यातल्या बऱ्याच जणांना हा नेतो. दुकानात वायफाय घेतलं तेव्हा मी पासवर्ड जाड पेनानं कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. फॉर्म भरायला आलेल्यांना मोबाईलवरून कागद पाठवायचे असतात, प्रत्येकाला कुठं सांगत बसू? मग चहावाल्यानं तो घेतला, सलूनवाल्यानं घेतला, मुकादमानंही घेतला. प्यायला पाणी मागितलं तर आपण नाही म्हणतो का? तसंच ते. सगळी गल्ली माझ्या वायफायवर चालायला लागली आणि मला त्याचा अभिमानच वाटायचा.

मग एक दिवस कॉलेजातली एक पोरगी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आली. फॉर्म झाला तरी उठेना. शेवटी खाली मान घालून म्हणाली, पाळी चुकलीय, नक्की काय ते कसं कळतं, बघून सांगाल का. मी बघितलं, तिला वाचून दाखवलं, तपासायची पट्टी कुठं मिळते तेही सांगितलं. पुढे तिचं काही निघालं नाही, परीक्षेचा ताण होता. पण दुसऱ्या दिवसापासून चहावाल्याच्या मोबाईलवर बाळाच्या दुपट्यांच्या आणि पाळण्यांच्या जाहिराती यायला लागल्या. त्या त्याच्या बायकोनं बघितल्या. त्यांची दोन्ही मुलं तेव्हा हायस्कूलला. तिनं भर गल्लीत नवऱ्याला धरलं. हा पाळणा कोणासाठी बघताय, एवढंच ती विचारत होती आणि तो बिचारा हातात किटली घेऊन देवाच्या शपथा खात होता.

माझी लेक संगमनेरला कॉम्प्युटरचं शिकते. तिला फोन लावला. ती म्हणाली, आई, एका वायफायवरचे सगळे फोन कंपन्यांना एकाच घरातले वाटतात, एकानं काही बघितलं की दुसऱ्याला त्याची जाहिरात दिसू शकते. म्हणजे आमची अख्खी गल्ली त्यांच्या लेखी एकच घर, आणि त्या घरात कोणीतरी गरोदर.

आता माझी चूक ऐका. चहावाल्याचा संसार वाचवायला मी हे त्याच्या बायकोला समजावून सांगितलं. तिला एकटीला बाजूला घेऊन सांगावं की नाही? नाही. गल्लीत उभं राहून, दहा माणसं गोळा झालेली असताना, मास्तरीणबाईसारखं सांगितलं. संसार वाचला, पण त्या दिवसापासून गल्लीला नवा नाद लागला. जाहिराती वाचायच्या आणि कोणाच्या घरात काय चाललंय ते ओळखायचं. सलूनमध्ये दाढीचा साबण तोंडावर असताना माणसं एकमेकांपुढे मोबाईल धरायची. फ्रीजची जाहिरात आली की कोणाचं लग्न जमलं ते शोधायचं, मूळव्याधीची आली की आज कोण उभ्यानं चहा पितोय ते बघायचं. हसून हसून पुरेवाट. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

मग एकदा मन सारखं उदास असलं तर काय करावं अशा जाहिराती आल्या आणि गल्ली आठवडाभर अंदाज बांधत राहिली. कोणाच्या सुनेचं नाव घेतलं, शाळेतल्या बाईंचं घेतलं. ते मीच शोधून बघितलं होतं. माझे मालक वारल्यानंतरचं ते पहिलं वर्ष होतं, मला सकाळी उठावंसंच वाटत नव्हतं. मी तोंड मिटून बसले. माझ्या उदासपणाची मला लाज नव्हती, पण त्या कॉलेजच्या पोरीच्या वेळी मीच सगळ्यांना ही विद्या शिकवली, त्याची फार लाज वाटली.

लेक सुट्टीला आली तेव्हा तिला म्हटलं, काहीतरी कर. ती म्हणाली, पासवर्ड बदल आणि भिंतीवरचा कागद फाड. ते माझ्यानं होईना. गल्लीला दिलेलं काढून घ्यायचं म्हणजे रोज सकाळी सगळ्यांची तोंडं वाकडी बघायची. मग तिनं चौथ्या कॉम्प्युटरवर एक वेगळा ब्राउझर टाकून दिला. तुम्ही जे बघता ते हा तीन-चार देशांतून फिरवून पोचवतो, त्यामुळे समोरच्या साइटला कळतच नाही की ही बाई तिसगावातून बोलतेय, आणि बंद केला की मागे काही उरत नाही. मी साडी टांगली आणि एकेकीला कानात सांगितलं. महिन्याभरात बाकड्यावर बाया बसायला लागल्या. त्या काय बघतात ते मी विचारत नाही. जिला वाचता येत नाही तिला हळू आवाजात वाचून दाखवते आणि विसरून जाते.

थोडे दिवस सुखाचे गेले. मग साइटींना आमचा संशय यायला लागला.

आधी कोडी घालायच्या. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. चौकोनांमधले सिग्नल निवडा. आमच्या तिसगावात सिग्नल कुठला आलाय? तरी शिकलो आम्ही. लाल ठेंगणा नळ निवडा म्हणायच्या, तो अमेरिकेत आग विझवायला रस्त्याकडेला असतो म्हणे. एक आजी पांढऱ्या पट्ट्यांचा रस्ता अचूक ओळखायच्या. पाच कोडी सोडवली तरी सहावं यायचंच. आणि पुढे पुढे कोडंही येईना. नुसती एक ओळ यायची आणि दार बंद व्हायचं. तुमच्याकडून संशयास्पद हालचाल दिसल्यामुळे प्रवेश नाकारण्यात आला आहे.

संशयास्पद. मी तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं डोकंच फिरलं. अहो, आमच्याकडं बाई डोक्यावर पदर घेऊन बाजारात गेली तर घरंदाज म्हणतात. पोरी उन्हात स्कार्फनं नुसते डोळे उघडे ठेवून स्कूटी चालवतात, त्यांना पोलीस अडवत नाही. आणि तीच बाई कॉम्प्युटरवर जरा तोंड झाकून बसली तर चोर? कोणाचं काय चोरलं तिनं? तिला फक्त तिचं दुखणं शेजाऱ्याला कळू द्यायचं नव्हतं.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी, बाजाराच्या दिवशी, ती आली. तिचं नाव सांगणार नाही. एवढा खटाटोप करून शेवटी नाव सांगायचं तर तो केला कशाला? अठ्ठावीस-एकोणतीस वय, डोंगराकडच्या वस्तीवरची, दोन पोरांची आई. नवरा-बायको दोघं ऊस तोडायला जातात. तिकडे अशा जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, म्हणजे बाई वेगळी मोजलीच जात नाही. तिच्या थैलीत वर मेथीच्या जुड्या होत्या आणि खाली सोनोग्राफीची फाईल.

आतल्या खुर्चीवर बसली आणि मी साडी ओढून घेतली, तेव्हा ती बोलायला लागली. अंगावरून फार जायचं, पोटात कळा यायच्या. नवऱ्यानं एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं पाच मिनिटांत सांगितलं, पिशवी काढून टाका. गर्भाशयाला आमच्याकडं पिशवीच म्हणतात. सासूची काढलेली, मोठ्या जावेची काढलेली, त्यामुळे घरात कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मुकादम म्हणाला बरंच झालं, तोडीला जायच्या आधी उरकून घ्या, उसाच्या फडात मग आजारपणाचा खाडा नको. नवरा मुकादमाच्या शब्दाबाहेर नाही. येता सोमवार ठरला होता.

"काडल्यापासून सासूचं कंबरडं गेलं," ती म्हणाली. "चाळिशीत म्हातारी झाली ती. पोळी लाटायला बसली की उठवावं लागतं. ताई, काढावीच लागती का? येवढंच इचारायचंय मला."

मी काही डॉक्टर नाही. पण लांबच्या एका शहरातल्या मोठ्या दवाखान्याची साइट मला माहीत होती. तिथं रिपोर्ट पाठवला की बाईडॉक्टर तो बघतात आणि दोन दिवसांत लेखी उत्तर देतात. आधी दोघीतिघींना मी तिथूनच उत्तरं मिळवून दिली होती, याच चौथ्या कॉम्प्युटरवरून. मी साइट उघडली आणि तीच ओळ आली. पुन्हा उघडली, पुन्हा तीच. ब्राउझर बंद करून चालू केला, देशांचा रस्ता बदलला, सिग्नल आणि सायकली आणि चढत्या पायऱ्या निवडून दाखवल्या. नाही म्हणजे नाही. ती शेजारी बसून बघत होती.

"काय म्हनतंय त्ये?" तिनं विचारलं.

मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायला हवी होती, पण रागाच्या भरात खरं तेच बोलून गेले. म्हटलं, तुमची हालचाल संशयास्पद आहे म्हणतंय.

"माजी?" ती म्हणाली आणि स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. कोयत्यानं घट्टे पडलेले हात. मला इतकं वाईट वाटलं की मी खुर्ची सरकवून उठलेच.

साइटवर मदतीचा नंबर होता, त्यावर मी फोन लावला. एक मुलगी बोलली, आवाजावरून माझ्या लेकीएवढी असेल. तिचं बोलणं गोड होतं, मला तिच्याशी भांडायचं नव्हतं, पण भांडले. ती म्हणाली, मॅडम, या असल्या ब्राउझरवरून चोरही येतात, पेशंटची माहिती पळवायला बघतात, म्हणून आमची सिस्टीम सगळ्यांनाच अडवते. तुम्ही ते बंद करून साध्या ब्राउझरवरून या. मी म्हटलं, बाई, एसटीत पाकीटमारही चढतात. मग कंडक्टर पदर घेतलेल्या प्रत्येक बाईला खाली उतरवतो का? ती म्हणाली, मॅडम, ते माझ्या हातात नाही. मी म्हटलं, मग कोणाच्या हातात आहे त्याला दे. तिनं मला वाट बघायला लावलं, मग सूर वाजले आणि फोन कटला.

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मलाही कळतं. माझ्याकडं येणाऱ्या बायांचे कागद उद्या कोणी चोरले तर मीच पहिली बोंब मारीन. पण चोर पकडायचे कष्ट नकोत म्हणून सगळ्यांनाच दारातून हाकलायचं आणि वर त्याला सुरक्षा म्हणायचं, हे मला पटलेलं नाही. आजही पटत नाही. त्या दवाखान्याला मी तेव्हापासून दर महिन्याला एक मेल लिहिते, त्यांचं ठरलेलं उत्तर येतं आणि मी पुन्हा लिहिते. लेक म्हणते, आई, कोणी वाचत नसेल. नसू दे. एक दिवस कंटाळून तरी वाचतील.

दुसरा मार्ग माझ्या मोबाईलचा होता. तोही विचार करून झाला. पण माझा फोन आणि पुढचे तिन्ही कॉम्प्युटर एकाच खात्यावर चालतात. घरी रात्रीच्या भाजीची कृती बघितली तरी सकाळी ती दुकानात समोर येते, आणि तिथून गल्लीत. तिचा फोन तर तिचा नव्हताच, एकच फोन होता आणि तो नवऱ्याच्या खिशात. मी तिला म्हटलं, लेकीला विचारते, काहीतरी निघेल, उद्या ये. ती म्हणाली, उद्या कशी येऊ, आज बाजार होता म्हणून सोडली.

बाहेर एकजण जातीच्या दाखल्यासाठी हाका मारत होता. मग ती उठली, फाईल छातीशी धरली आणि म्हणाली, "बंद करा त्ये, ताई. साध्यावरनं उघडा."

मी तिला सगळं सांगितलं. वर मुकादम बसतो, त्याचा फोन याच वायफायवर आहे. तुझा रिपोर्ट मी पाठवला की उद्या ना परवा पिशवीच्या दुखण्याच्या जाहिराती त्याच्यापुढे येणार. सोमवारी टोळीतल्या कोणाचं ऑपरेशन आहे ते त्याला ठाऊक आहे. त्याला ओळखायला कितीसा वेळ लागणार? पण हे तिला माझ्याआधीच माहीत होतं. जाहिराती वाचायचा नाद वस्तीपर्यंत पोचला होता.

"कळू द्या," ती म्हणाली. "कळलं तर लवकर नेत्याल, मला ठावं हाय. पर न इचारता तर मी त्या टेबलावर जानार न्हाई."

खरं तर तिच्या धाडसाचं मला कौतुक वाटायला हवं होतं. मला नुसता संताप आला. तिला तिचं दुखणं चारचौघांपासून लपवायचा हक्क होता, आणि तेवढा एक हक्क घेऊन ती माझ्याकडं आली होती. तो दारातच काढून ठेव, मगच आत ये, असं त्या साइटीनं तिला सांगितलं. आणि तिनं तो काढून ठेवला. याला धाडस म्हणून टाळ्या वाजवायला मी तयार नाही. अशी वेळ तिच्यावर यायलाच नको होती.

पण ठरवायचं तिला होतं, मला नाही. आम्ही पुढच्या टेबलावर बसलो, बाजारातल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर. साइट लगेच उघडली, या बसा म्हणाल्यासारखी. मी फाईलमधली सगळी पानं स्कॅन केली, ती सांगेल तसं तिचं दुखणं लिहिलं, माझ्या नंबरवर ओटीपी घेतला आणि पाठवून दिलं. तिनं मेथीच्या जुड्या पुन्हा वर रचल्या आणि वस्तीकडे जाणारी जीप धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम जिना उतरून दुकानात आला. हातात मोबाईल. त्यावर एक डॉक्टर गर्भाशय न काढता इलाज कसा करायचा ते सांगत होता. ती जाहिरात आमच्या रिपोर्टमुळेच आली की आणखी कशानं, ते देवाला ठाऊक, पण आली. तो माणूस आवाज चढवणारा नाही. हसत म्हणाला, वहिनी, आमच्या टोळीतलं कोण आलं हुतं काल? मी म्हटलं, बाजाराच्या दिवशी माझ्याकडं गावाचं गाव येतं, मी तोंडं मोजत नाही. तो म्हणाला, नका सांगू, मला कळलंय. आणि तिथंच उभं राहून, माझ्यासमोर, त्यानं तिच्या नवऱ्याला फोन लावला. सोमवारपर्यंत थांबायला नको, दवाखान्यात सांगून ठेवतो, उद्याच नेऊन टाकू, म्हणाला.

तो जिना चढून वर गेला. मी भिंतीजवळ गेले, पासवर्डचा तो कागद ओरबाडून काढला आणि पासवर्ड बदलला. पाच मिनिटांत चहावाला आला, सलूनवाला आला. रेंज गेली का म्हणाले. मी म्हटलं, रेंज नाही गेली, मी दिली होती ती मी काढून घेतली. सलूनवाला तर अजून माझ्याशी धड बोलत नाही. न बोलू दे, माझे काही केस कापायचे राहिलेले नाहीत. पण जे मी पहिल्याच वर्षी करायला हवं होतं ते करायला मला एका बाईची बेअब्रू व्हायला लागली, हे मात्र मला लागून राहिलंय.

त्या दिवशी मी दर थोड्या वेळानं मेल उघडून बघत होते. काही नाही. संध्याकाळी दुकान बंद करतानाही काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या बघितलं, तरी नाही. आज तिला नेणार होते. मला काही सुचेना, एका माणसाच्या सातबाऱ्याच्या प्रिंटा मी चारदा काढल्या. साडेअकराच्या सुमाराला उत्तर आलं. मी ते उभ्याउभ्यानं वाचलं, छापलं आणि पुन्हा एकदा वाचलं. मग कळेना की हे तिच्यापर्यंत पोचवू कसं. तिच्या घरचा फोन नवऱ्याकडं.

दुकानाला कुलूप लावून वस्तीवर जावं म्हणून मी किल्ली हातात घेतली, तोच ती दारात उभी. मागे नवरा. दवाखान्यात नेण्यासाठी तिला जीपमधून आणलं होतं, पण गावात आल्यावर ती खाली उतरली आणि म्हणाली, आधी माझा कागद आला का बघते, मग न्याल तिकडं येते. तिला उचलून जीपमध्ये कसं घालणार? नवरा मुकाट्यानं मागे चालत आला. आवाज ऐकून मुकादमही जिना उतरून आला. पाठोपाठ चहावाला, सलूनवाला, बाकड्यावरच्या दोन बाया. मी तिला डोळ्यांनीच आतल्या कॉम्प्युटरकडे खुणावलं, चल, आडोशाला वाचून दाखवते. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"हितंच वाचा," ती म्हणाली. "समद्यान्ला ऐकू जाईल आसं."

मी वाचलं. रिपोर्टमध्ये एक लहानशी गाठ आहे आणि आत सूज आहे. या वयात एवढ्यासाठी गर्भाशय काढण्याची गरज दिसत नाही. आधी औषधं घ्यावीत, रक्त कमी झालं आहे का ते तपासावं, जवळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टरकडून प्रत्यक्ष तपासून घ्यावं. ऑपरेशनची घाई करू नये. खाली डॉक्टरीणबाईंचं नाव आणि सही होती.

मुकादम म्हणाला, लांब बसून कागदावर लिहायला काय जातंय, त्यांनी हात तरी लावला का पेशंटला? मी तोंड उघडणार होते, पण तीच बोलली. त्यातच लिहिलंय की तपासून घ्या, तर मी सोमवारी नगरला जाणार, म्हणाली. आवाज मोठा नव्हता तिचा. मुकादमानं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि शेवटी बायकोकडे.

"आदी मला इचारायचं हुतं ना," तो म्हणाला. रागानं नाही, कुठंतरी लागल्यासारखा म्हणाला.

"तुमाला इचारलं आसतं," ती म्हणाली, "तर तुमी ह्यान्ला इचारलं आसतं."

तिनं मुकादमाकडे बोटसुद्धा दाखवलं नाही, तरी सगळ्यांनी त्याच्याचकडे बघितलं. तो काहीतरी पुटपुटला आणि जिना चढून वर गेला. बाकीचेही एकेक करून पांगले. नवऱ्यानं माझ्या हातातला कागद घेतला. त्याला वाचता येत होतं, पुरता वाचला, नीट घडी घातली आणि आपल्या शर्टाच्या खिशात ठेवला.

तिनं दोन पावलं पुढे होऊन त्याच्या खिशात हात घातला, कागद काढून घेतला आणि आपल्या फाईलमध्ये ठेवला.

"ह्यो माजा हाय," ती म्हणाली.

फाईल तिच्या हातात, थैली त्याच्या हातात, अशी ती दोघं जीपकडे गेली, आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं नगरला.